सभामंडपाची किल्ली

गेल्या कार्तिकातील एका एकादशीस भजन आटोपून मंडळी घरोघर निघाली असता आमच्या गावातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला दाराशी थांबविले आणि विचारले, "अरे, तू पुजाऱ्याचा मुलगा, म्हणून तुलाच विचारतो. रोज संध्याकाळी ही पोरे सभामंडपात येऊन बसतात. दिवे जळतात, पंखे फिरतात. याचा देवाला लाभ काय, आणि गावाला तरी काय?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. ज्यांनी स्वतःच्या खांद्यावरून या मंडपासाठी दगड वाहिले, त्यांना असा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मी काहीबाही उत्तर दिले. मुले अभ्यास करतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना मदत करतात, असे बोललो. त्यांनी मान हलविली व ते गेले. परंतु ते उत्तर माझे मलाच पटलेले नव्हते. मुले घरीही अभ्यास करू शकतात, आणि मदत रस्त्यावर उभे राहूनही करता येते. मग चार भिंती, छप्पर व एक कुलूप असलेल्या सामाईक जागेचे असे काय विशेष आहे, आणि त्या जागी कोणी मोबदल्यावाचून राबत असेल तर ते तो कोणावर उपकार करतो की कसले देणे फेडतो, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत आहे. शालेय शिक्षणापलीकडे माझा विशेष अभ्यास नाही. पण किल्ली काही वर्षे माझ्या कमरेला होती, एवढ्याच अधिकाराने हे लिहितो.

प्रथम, आमच्या मंडपात घडते काय ते सांगितले पाहिजे. आमचे चिंताकी हे गाव बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात आहे. येथून महाराष्ट्रही जवळ आणि तेलंगणही जवळ. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात व पुढे हैदराबाद राज्यात होता. त्या दिवशी राज्यांची फेररचना झाली, शेजारचे उदगीर व देगलूर मुंबई राज्याकडे गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. त्याच राज्याचे पुढे १९७३ मध्ये कर्नाटक असे नामकरण झाले. राज्याची सीमा एका रात्रीत बदलते, घरातील भाषा तशी बदलत नाही. जी पिढी मराठी शाळेत शिकली किंवा मुळीच शिकली नाही, तिच्या हाती आज येणारा प्रत्येक कागद कन्नडमध्ये असतो. शेताची पहाणी कन्नड, शिधापत्रिका कन्नड, पंचायतीची नोटीस कन्नड. यात कोणाचा दोष आहे असे मला म्हणावयाचे नाही. राज्याचा कारभार राज्याच्या भाषेत चालणार हे उघड आहे, आणि कन्नड ही आम्हांस परकी भाषा नव्हे. पण सत्तर वर्षांच्या आजीबाईंना ती लिपी आता शिकता येणार नाही, हेही तितकेच उघड आहे. आमच्या गावच्या मुलांना मात्र शाळेत कन्नड येऊ लागले आहे. म्हणून दर मंगळवारी व शुक्रवारी दिवेलागणीनंतर तीन-चार मुले मंडपाच्या उत्तरेकडील खांबापाशी बसतात, आणि ज्यांच्याजवळ कागद आहे ते तो घेऊन येतात. मुले वाचून दाखवितात, अर्थ सांगतात, अर्ज असेल तर भरून देतात. उरलेल्या मंडपात दहावीची मुले आपापली पुस्तके उघडून बसलेली असतात. एवढाच काय तो व्याप. यास केंद्र वगैरे भारदस्त नाव द्यावे असे यात काही नाही.

एका आजींची गोष्ट सांगतो. त्यांचा म्हातारपणाचा पगार (आमच्याकडे सरकारी निवृत्तिवेतनास पगारच म्हणतात) दोन-तीन महिने आला नव्हता. हाती एक चिठ्ठी होती, ती घेऊन त्या मंडपात आल्या. आमच्यातील एका मुलाने ती वाचली. बँकेच्या खात्यास आधारक्रमांक जोडलेला नाही, एवढेच त्यात होते. दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन बँकेत गेला, आणि पुढील महिन्यात पगार जमा झाला. पौष महिना होता. आजी मंडपात आल्या त्या पदरात हरभऱ्याचे ढाळे घेऊन. मुलाने हात जोडून नको म्हटले. आम्ही आधीच ठरविले होते की कोणाकडून काही घ्यायचे नाही. आजींचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "लेकरा, मी काय भीक मागायला आले होते का तुझ्याकडं?" आणि ढाळे पायरीवर ठेवून निघून गेल्या.

त्या रात्री आम्ही मुलांनी यावर पुष्कळ वाद घातला. एक पक्ष म्हणे, आज ढाळे घेतले तर उद्या पायली घ्यावीशी वाटेल आणि परवा पैसे. नियम मोडू नये. दुसरा पक्ष म्हणे, आजींनी दिले ते मोल नव्हते. मला स्वतःस त्या वेळी पहिला पक्ष बरोबर वाटला होता. आता वाटत नाही. जो देतो आणि परत काहीच घेत नाही, तो वर उभा राहतो; ज्याला घेतल्यावर काहीच देऊ दिले जात नाही, तो खाली राहतो. आजींना खाली राहावयाचे नव्हते. त्यांचे ढाळे नाकारून आम्ही आमची निःस्पृहता राखली, पण ती त्यांच्या स्वाभिमानाची किंमत देऊन. अखेर ते ढाळे आम्ही मंडपातच भाजून सर्वांनी खाल्ले, आणि पुढल्या मंगळवारी आजींना तसे सांगितले. तेव्हापासून नियम असा की पैसा घ्यावयाचा नाही. खाण्याची वस्तू कोणी आणली तर ती तेथेच वाटावयाची, आणि आणणाऱ्यानेही त्यातील घास घेतला पाहिजे.

हा भेद आमच्या जिल्ह्याला नवा नाही. बसवकल्याण हे आमच्याच बिदर जिल्ह्यातील नगर. बाराव्या शतकात तेथे महात्मा बसवेश्वरांच्या भोवती शरणांचा मेळा जमला आणि अनुभवमंटप या नावाने ओळखली जाणारी सभा भरू लागली. अल्लमप्रभू तिचे अध्यक्ष. तीत नावाडी होता, चांभार होता, सूत कातणारी होती, राजाचा मंत्री होता, आणि अक्कमहादेवीसारखी तरुण स्त्रीही होती. आजच्या भाषेत ज्यास समाजकेंद्र म्हणतात त्याचे याहून जुने व याहून धीट उदाहरण मला तरी ठाऊक नाही. त्या अनुभवमंटपाच्या नव्या वास्तूची पायाभरणी बसवकल्याण येथे ६ जानेवारी २०२१ रोजी झाली, तेव्हा आमच्या गावातूनही मंडळी गेली होती.

शरणांनी दोन शब्द दिले, कायक आणि दासोह. कायक म्हणजे अंगमेहनतीचे प्रामाणिक काम, तीच पूजा. दासोह म्हणजे त्या कामाच्या फळातून, मी दास आहे या भावनेने, सर्वांपुढे ठेवलेला वाटा. येथे दान हा शब्द त्यांनी योजिला नाही, आणि त्यात मर्म आहे. दानात देणारा मोठा असतो. दासोहात तो दास असतो. आयदक्की मारय्यांची कथा आमच्याकडे अनेकांस ठाऊक आहे. कल्याणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणावेत आणि त्यावर दासोह चालवावा, हे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मा यांनी ते पाहिले आणि जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. आपल्याला लागते तेवढेच आणावे, जास्तीची इच्छा ही आशा झाली, असा त्यांचा आक्षेप. लहानपणी मला ही गोष्ट विचित्र वाटे. जास्त तांदूळ म्हणजे जास्त माणसांचे जेवण, मग बिघडले कोठे? परंतु सेवेचे काम करणाऱ्यांमध्ये काही वर्षे वावरल्यावर लक्कम्मांचा मुद्दा उमगतो. सेवेचाही हव्यास होतो. आज दहा अर्ज भरले, उद्या वीस भरू, त्याचे छायाचित्र काढू, ते फोनवरून साऱ्या तालुक्यास पाठवू, अशी ओढ लागते. आणि मग ज्याचा अर्ज भरावयाचा तो माणूस राहतो बाजूला. आमच्यातही हे झाले. एका आजोबांना छायाचित्रासाठी तीनदा अंगठा उठवावयास लावला गेला, ते मी पाहिले आहे व तेव्हा हसलोही आहे.

आता ज्येष्ठांच्या बाजूचे बोलले पाहिजे, कारण ती बाजू आम्ही तरुण नीट ऐकत नाही. ते म्हणतात की सार्वजनिक जागेला मालक नसला की ती ओस पडते. हे खोटे नाही. आपल्या तालुक्यातून एखादी फेरी मारावी. गावोगाव समुदायभवने उभी आहेत. दर्शनी बाजूस संगमरवरी पाटी, तीवर मान्यवरांची नावे. आत डोकावावे तर कोणाची सोयाबीनची पोती, कोठे लग्नातील मोडक्या खुर्च्या, कोठे शेळ्या. बांधताना उत्साह असतो, उद्घाटनास गर्दी असते. त्यानंतर किल्ली कोणाकडे याचे उत्तर कोणासच देता येत नाही. आणि किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्या घरी तीनदा खेपा घालाव्या लागतात. इमारत उभी राहिली म्हणजे केंद्र झाले ही समजूत फार महागात पडलेली आहे.

ही चूक आजची नव्हे. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून समाजकेंद्र हा शब्द खेडोपाडी पोहोचला. पंचायतीच्या खोलीत रेडिओ बसविला, म्हणजे गावाला ज्ञान मिळेल, अशी आशा होती. या आशेची एक अतिशय प्रामाणिक परीक्षा मराठी मुलखातच झाली, आणि ती पुष्कळांस माहीत नाही म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्को या जागतिक संस्थेच्या साहाय्याने एक प्रयोग केला. मराठी भाषिक पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडली. प्रत्येक गावी पंधरा-वीस जणांचे एक श्रोतृमंडळ स्थापिले. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई, शेतीवर, आरोग्यावर, शिक्षणावर. असे एकूण २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करावयाचा आणि मंडळाने ऐकलेल्यावर आपसांत चर्चा करावयाची. गावातीलच एकाने ती चालवावयाची व झालेल्या बोलण्याचे टिपण आणि शंका पुण्यास पाठवावयाच्या. त्या शंकांना पुढील कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या साऱ्याची पाहणी केली. पाहणी करणाऱ्यांची दक्षता अशी की त्यांनी केवळ मंडळे असलेली गावे पाहिली नाहीत. ज्या गावी रेडिओ होता पण मंडळ नव्हते तीही पाहिली, आणि ज्या गावी दोन्ही नव्हते तीही. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांस तेच प्रश्न विचारले.

निष्कर्ष काय निघाला? जेथे मंडळ होते तेथे लोकांच्या माहितीत मोठी भर पडली; त्यांत निरक्षरही होते. जेथे केवळ रेडिओ होता तेथे भर अगदी थोडी. आवाज तोच, शब्द तेच, पेटीही तीच. भेद एवढाच की एका ठिकाणी माणसे पेटी बंद झाल्यावर एकमेकांकडे तोंड करून बसत होती. पुढे काही मंडळे चर्चेवरून निर्णयावर आली. कोठे विहीर खणली गेली, कोठे बालवाडी निघाली. जी माणसे चावडीवर कधी तोंड उघडीत नसत ती येथे बोलू लागली.

मला या प्रयोगाचे महत्त्व फार वाटते. त्या गृहस्थांनी मला विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे. घरी बसून अभ्यास होतो हे खरे. पण घरी बसलेल्या मुलास शेजारच्या आळीतील आजीचा पगार थांबला आहे हे कळत नाही. मंडपात तिचा आवाज त्याच्या गणिताच्या पुस्तकावर येऊन पडतो. कधी तो त्रासतो. कधी पुस्तक मिटून उठतो. सामाईक जागेचा लाभ म्हणतात तो या त्रासण्यात व उठण्यात आहे, आणि तो वीजबिलाच्या शेजारी आकडा लिहून दाखविता येत नाही. अभ्यासात मागे पडणारी दोन मुले अशा उठण्यामुळे अधिक मागे पडली असेही आमच्याकडे झाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यांच्या मातोश्री रागावल्या, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. तरुणांची सेवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संकट उभे राहते. पूर येतो, आग लागते, तरुण धावतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा माझा जन्मही नव्हता. पण वडील अजून सांगतात. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा निजली होती. पहाटे चारच्या सुमारास दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. हादरा आमच्या जिल्ह्यातही जाणवला. ज्या पोरांनी रात्री ढोल वाजविले होते तीच पोरे दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून लातूरकडे भाकरी घेऊन निघाली. कोणी त्यांस बोलाविले नव्हते. हे मोठेच काम, त्यास मी लहान म्हणणार नाही. परंतु असे धावणे मनुष्याच्या स्वभावातच आहे. मंगळवारी संध्याकाळी, पाऊस पडत असताना, कदाचित कोणीच येणार नाही हे ठाऊक असून, दार उघडून दिवा लावून बसणे स्वभावात नाही. ते अंगवळणी पाडावे लागते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते त्या भूकंपानंतर आले, ते मदत वाटून परतले नाहीत. हराळी या गावी राहिले, तेथे शाळा काढली, आणि ते काम त्यानंतर वर्षानुवर्षे चालले. आलेले पुष्कळ होते; राहिलेले थोडे. गावाला उपयोग दोघांचाही झाला, पण दुसऱ्याविना पहिल्याचे फारसे काही उरत नाही.

आता किल्लीकडे येतो. येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती सांगण्याचे धैर्य इतके दिवस झाले नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. देवळे बंद करण्याचा हुकूम आला. वडील एकटेच पहाटे पूजा करून परत कुलूप लावीत. सभामंडपाची किल्ली माझ्याकडे होती. एप्रिलमध्ये एका रात्री, नऊचा सुमार असेल, हैदराबादेकडून पायी निघालेली सात माणसे मंडपाच्या दाराशी आली. त्यांत दोन स्त्रिया होत्या आणि एक चार-पाच वर्षांचे मूल. बांधकामावरचे मजूर. उदगीरच्या पलीकडे कोठेतरी त्यांचे गाव. मुलाच्या पायाला फडके बांधलेले होते. त्यांच्यातील वडीलधाऱ्याने हात जोडून विचारले, "महाराज, रातच्यापुरतं अंग टेकू द्या. पहाटं निघून जातो." मी म्हणालो, सरकारी हुकूम आहे, देऊळ उघडता येत नाही. त्यांनी वाद घातला नाही. मी घरातून पाण्याची घागर आणली, आईने भाकरी व पिठले दिले. ते खाऊन ती माणसे बसथांब्याच्या छपराखाली जाऊन पडली. सकाळी मी पाहिले तो ती गेलेली होती.

या गोष्टीत माझा अपराध काय, असे पुष्कळांनी विचारले आहे. हुकूम खरा होता. रोग खरा होता; त्या साथीने पुढे आमच्या ओळखीची माणसेही नेली. मंडप उघडला असता आणि गावात लागण झाली असती तर तीच माणसे मला काय म्हणाली असती? हे सर्व बरोबर आहे. पण मला माझे मन ठाऊक आहे. मी नाही म्हणालो तेव्हा माझ्या मनात हुकूम नव्हता. त्या दिवशी दुपारी मी मंडपाची फरशी धुऊन काढली होती, आणि त्या धुळीने माखलेल्या पायांकडे पाहून प्रथम जे मनात आले ते फरशीविषयी होते. हुकूम त्यानंतर आठवला, आणि आठवला तेव्हा मला हायसे वाटले. मंडपाला बाहेरच्या बाजूस मोठी ओसरी आहे. ती कुलपात नाही, उघडीच आहे, वारा खेळता आहे, तेथे झोपण्यास कोणत्याही हुकुमाची आडकाठी मला तरी दिसत नाही. पंधरा दिवसांनी ओसरी झाडताना ते माझ्या ध्यानात आले. त्या रात्री ओसरी डोळ्यांसमोर असून दिसली नाही. जो स्वतःस मालक समजतो त्यास दोनच वाटा सुचतात, उघडणे किंवा न उघडणे. मधली वाट शोधावी लागते ती ज्याला समोरच्याचे देणे आहे असे वाटते त्यास.

मी फुकट झाडलोट करीत होतो, फुकट दिवे लावीत होतो. गाव मला सेवक म्हणे. आणि त्या फुकट केलेल्या कामामुळेच मंडप माझा आहे असे मला वाटू लागले होते. पगारी नोकर असतो तर कदाचित असे वाटले नसते. स्वयंसेवेतील हा धोका कोणी आम्हांस सांगितला नव्हता. पैसा घेतला नाही की मनुष्य हक्क घेऊ लागतो.

संत गाडगेबाबांचे चरित्र या दृष्टीने मी पुन्हा वाचले. गावात शिरताच हाती खराटा घेऊन रस्ता झाडू लागावे, काम झाल्यावाचून कोणाची भाकरी घेऊ नये, आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला त्याच्या अंधश्रद्धेबद्दल खडसवावे, हा त्यांचा क्रम सर्वांस ठाऊक आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पण आपण उभारलेल्या धर्मशाळेत स्वतःसाठी त्यांनी खोली राखली नाही. आणि १९४९ मध्ये पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस देऊन टाकली. किल्ली हातून सोडण्याची ही रीत. त्याच पंढरपुरात १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले होते, तेव्हा कोठे विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांस उघडले. तेथील किल्ली धरणारेही सेवेकरीच म्हणविले जात होते. पिढ्यानुपिढ्या त्यांनी देवाची सेवा खरोखर केली होती. त्यांना दुष्ट म्हणून मोकळे होणे मला आता जमत नाही. आमच्या ओसरीची आठवण होते.

बिदर शहरात गुरुनानक झिरा येथे गेलेल्यांनी तेथील लंगर पाहिला असेलच. कोण आला, कोठून आला, कोणत्या जातीचा, हे कोणी विचारीत नाही. एका ओळीत बसावयाचे. मला त्यातील एक गोष्ट विशेष भावते. जेवून उठलेला माणूस पुष्कळदा तसाच भांडी घासण्यास जाऊन बसतो. थोड्या वेळापूर्वी तो घेणारा होता, आता देणारा झाला. कोणी त्याची नोंद ठेवीत नाही. आमच्या ढाळ्यांच्या वादाचे उत्तर तेथे रोज चालू होते, आम्हांस ते दिसावयास उशीर लागला इतकेच.

हे सारे मी त्या वयोवृद्ध गृहस्थांस पुढे एकदा बसून सांगितले. मजुरांची गोष्टही सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण बिलाचं काय?" मला हसू आले, आणि आनंदही झाला, कारण हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणजे मंडपातील बसणे त्यांनी मनातून मान्य केले होते. बिलाचा निर्णय अजून झालेला नाही. समितीच्या पुढील बैठकीत तो निघेल. अर्धे समितीने आणि अर्धे मुलांच्या घरून, अशी एक सूचना आहे. ज्या घरची परिस्थिती नाही त्यांचे काय, हा प्रश्न मी काढणार आहे.

किल्लीचे मात्र आम्ही बदलले. आता ती एकाकडे राहत नाही. दर महिन्यास दुसऱ्या घरी जाते, आणि ते घर कोणत्या आळीचे हे पाहिले जात नाही. हे सहज झाले असे नव्हे. दोन बैठका त्यावर मोडल्या, आणि एक-दोन जुनी मंडळी त्यानंतर काही दिवस भजनास आली नाहीत. वडिलांना मी विचारले की पुजारी म्हणून तुमचे मत काय. ते म्हणाले की गाभाऱ्याची किल्ली पूजेसाठी आहे ती माझ्याकडे राहू दे, मंडप गावाने बांधला आहे तो गावाचा गावाने पाहावा. यावर मला त्यांच्याशी थोडे बोलावयाचे आहे, पण ते पुन्हा कधी.

या महिन्यात किल्ली नववीतल्या एका मुलीच्या घरी आहे. परवा मंगळवारी कागद वाचणे लवकर आटोपले. मला घरी काम होते म्हणून मी निघालो. मागे तिने दिवे मालविले, दार ओढले, कुलपाचा आवाज आला. मी वाटेत होतो. नीट लागले की नाही हे पाहण्यास परत फिरावे असे वाटले, पाय थांबलेही. मग ओसरीकडे एकदा पाहिले आणि घरी गेलो.